दोष वाचता आला पाहिजे

‘आर्ट्‌सच्या पोरीला संगणकाच्या पोटातलं काय कळणार?’ हे वाक्य यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ते खरे वाटले, आणि तिसऱ्यांदा मात्र असे वाटले की या प्रश्नाचे उत्तर आपल्या वार्षिकांकातच दिले पाहिजे. कारण हा प्रश्न केवळ माझा नाही. तो कलाशाखेत शिकणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

प्रथम माझी अडचण सांगते. आमचे घर पारडीला. बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. आई वस्तीतल्या बारा बायांच्या बचत गटाची सचिव आहे. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी महाविद्यालयात आले त्या वर्षी बाबांनी एक जुना संगणक विकत घेऊन दिला. त्याच्या भरवशावर मी आईला ऐटीत सांगितले, ‘आता वही कशाला? हिशेब यात ठेवू.’ आईने वही बंद केली. महिन्याची वर्गणी, कोणी किती कर्ज उचलले, किती व्याज आले, असा चौदा महिन्यांचा हिशेब त्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये गेला.

संगणकात विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला प्रोसेसर ठरावीक पिढीचा लागतो आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. म्हणून मी लिनक्स घालायचे ठरवले. लिनक्स मुक्त आहे, म्हणजे ते फुकट मिळते इतकेच नव्हे, तर त्याची मूळ आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते व बदलता येते. एका दुकानात छोटी नवी डिस्क बसवून घेतली, तिच्यावर घरी लिनक्स घातले, आणि हिशेबाची जुनी डिस्क तशीच आत ठेवली.

दोन दिवसांनी जुनी डिस्क गायब! संगणक सुरू केला की ती दिसे. फाइल उघडायला जावे तर यंत्र मिनिटभर अडे आणि डिस्क यादीतून नाहीशी होई. मैत्रिणी म्हणाल्या, ‘लिनक्समध्ये ड्रायव्हर नसतो.’ बर्डीवरच्या एका दुकानदाराने यंत्राकडे न पाहताच निकाल दिला, ‘विंडोज टाकून फॉरमॅट करावं लागेल, नाहीतर नवी डिस्क घ्या.’ फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. पाटीवर बारा बायांचे पैसे लिहिलेले होते.

घरी आले तेव्हा आईने विचारले, ‘काऊन वं, बायांचा हिशेब गेला का?’

मी म्हटले, ‘गेला नाही आई, आहे. पण दिसत नाही.’

‘आहे तर दिसत काऊन नाही?’

आई चौथी शिकलेली आहे. पण त्या आठवड्यात मला भेटलेल्या सर्वांत तिनेच नेमका प्रश्न विचारला. बाकीच्यांनी उपाय सांगितले, कारण कोणी विचारले नाही.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्याला ड्रायव्हर म्हटले की ऑटोचा आठवतो. संगणकातला ड्रायव्हर हा खरे तर दुभाषी असतो. प्रणालीची भाषा वेगळी, यंत्राच्या भागाची वेगळी. मधला दुभाषी एकीचे बोलणे दुसऱ्याला समजावतो. दुभाषी नसेल तर संभाषण सुरूच होत नाही. माझी डिस्क मात्र सुरुवातीला दिसत होती, नाव सांगत होती, आकार सांगत होती. म्हणजे दुभाषी हजर होता. शिवाय साटा प्रकारच्या डिस्कशी बोलण्याची एएचसीआय नावाची सामाईक पद्धत २००४ पासून ठरलेली आहे आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो. तेव्हा ‘ड्रायव्हर नाही’ हे म्हणणे पहिल्याच पायरीवर टिकत नाही.

मग बिघडले काय? वस्तीत पॉलिटेक्निकला शिकणारा एक दादा आहे. तो एवढेच म्हणाला, ‘काही पुसू नको, काही ठोकू नको. आधी यंत्र काय म्हणतं ते वाच.’ लिनक्सचा गाभा स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. डीमेसेज नावाचा आदेश दिला की ती समोर येते. मी ती कोश घेऊन वाचली. मजकूर इंग्रजी, त्यातही तांत्रिक. तरी चार ओळींनंतर गोष्ट उलगडू लागली. डिस्ककडे माहिती मागितली, आलेली माहिती वाटेत बिघडलेली निघाली, जोडणी तोडून पुन्हा जोडली, वेग सहा गिगाबिटवरून तीनवर आणला, पुन्हा तेच, वेग दीडवर आणला, शेवटी डिस्कचा नाद सोडला. फोनवर खरखर वाढली की आपण सावकाश, एकेक शब्द तोडून बोलतो आणि शेवटी कंटाळून फोन ठेवतो. अगदी तसेच!

‘वाटेत बिघडलेली’ हे शब्द महत्त्वाचे. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. त्यात पाचव्या क्रमांकावर खराब होऊन बदललेल्या जागांची संख्या असते, एकशे सत्त्याण्णवाव्या क्रमांकावर संशयित जागांची. माझ्या डिस्कवर दोन्ही शून्य. मात्र एकशे नव्व्याण्णवाव्या क्रमांकावर, जिथे वाटेत झालेल्या चुका मोजल्या जातात, तिथे २१४ हा आकडा होता. म्हणजे डिस्क धडधाकट, दुभाषी हजर, आणि दोष मधल्या तारेचा!

पुढच्या वेळी डिस्क दिसताच मी प्रथम हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवली. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा नियम दादाने घालून दिला होता. नंतर यंत्र बंद केले, वीज काढली, डबा उघडला. नवी डिस्क बसवताना जुन्या डिस्कची केबल कोपऱ्यात दुमडून दाबली गेली होती. ऐंशी रुपयांची नवी केबल आणून लावली. आज तीन महिने झाले. तो आकडा मागे जात नसतो, पण माझा २१४ वर जो थांबला तो थांबलाच आहे.

आम्हाला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी काकतालीय न्याय सांगितला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला दोष देतो. लिनक्स घातले आणि डिस्क गायब झाली, म्हणून लिनक्स वाईट! परीक्षेत या तर्कदोषावर मी पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. तो दोष आपल्याच घरात, आपल्याच डोक्यात चालू असतो हे कळायला मात्र एक दुमडलेली तार लागली.

प्रत्येक वेळी तारच दोषी असते असे कोणी समजू नये. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना डिस्क दिसतच नव्हती. तिथे डिस्कचे नियंत्रण यंत्राच्या मूळ मांडणीत इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेले होते. ते एएचसीआयवर आणावे लागते, आणि आतल्या विंडोजची आधी तयारी न करता ते बदलले तर विंडोज उठत नाही. दुसऱ्या एकीला विंडोजची डिस्क लिनक्समध्ये दिसे, पण तिच्यावर काही लिहिता येत नसे. विंडोजला ‘जलद सुरुवात’ अशी सोय असते. त्यामुळे यंत्र बंद केले तरी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. अशा डिस्कवर लिहिले तर माहितीचा घोळ होईल म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर जाणूनबुजून हात आखडता घेतो. तक्रार तिन्ही ठिकाणी एकच, ‘डिस्क चालत नाही’. कारणे तीन, उपाय तीन. आणि तिघींना मिळालेला सल्ला? एकच. फॉरमॅट करा!

दुकानदाराला मी शत्रू मानत नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा यंत्रे येतात. रोजनिशी वाचायला तास लागतो, पाटी पुसायला काही मिनिटे. वाचण्याची मजुरी त्याला कोणी देत नाही. पण म्हणूनच, ज्याची माहिती आहे त्याला वाचता आले पाहिजे.

या मुक्त प्रणालीचा इतिहासच मुळी अशा अडलेल्या यंत्रांतून सुरू होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला समजत नसे. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून ही सोय केली होती. पण नव्या प्रिंटरची आज्ञावली त्यांना मिळेना. ती ज्याच्याजवळ होती त्याने कोणाला न देण्याचा करार केला होता. वाचायला मनाई, म्हणून दुरुस्तीही नाही. या अनुभवाने त्यांचा विचार पक्का होत गेला आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीसाठी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

आणि लिनक्सचा जन्म? २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौसेखातर एक प्रणाली करीत असल्याचे जगाला कळवले. त्या निवेदनात त्याने एक कबुलीही दिली होती: ही प्रणाली एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा चालणार नाही, कारण आपल्याजवळ तेवढीच आहे! पुढे मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावण्याचा आदेश देऊन त्याने स्वतःच्या डिस्कवरचा मिनिक्स प्रणालीचा भाग बिघडवून घेतला, आणि मग आपल्याच लिनक्सवर राहायचे ठरवले. हे वाचून मला मोठा धीर आला. ज्याच्या प्रणालीवर आज जगातले बहुतेक मोठे संगणक चालतात, त्यानेही एक डिस्क बिघडवूनच सुरुवात केली!

आता या नाण्याची दुसरी बाजू. वाचण्याचा हक्क मिळाला म्हणजे वाचता येते असे नव्हे. आपल्या देशातल्या सी-डॅक या संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, बॉस नावाची लिनक्स प्रणाली काढली आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय केली. इतर लिनक्समध्येही स्वयंसेवकांच्या कष्टाने मेनू मराठीत दिसतात. पण गाभ्याची रोजनिशी इंग्रजीतच येते. सर्व काही ठीक असते तेव्हा यंत्र आपल्याशी मराठी बोलते, आणि संकट आले की इंग्रजीत ओरडते. ज्याच्या घरी इंग्रजी पहिल्यांदाच येते आहे, तो नेमका त्या क्षणी एकटा पडतो. मुक्त प्रणालीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. मला तो मजकूर कळायला तीन रात्री लागल्या, आणि दादा नसता तर कदाचित मीही पाटी पुसून आले असते.

यावर उपाय काय? ‘शासनाने करावे’ असे लिहून लेख संपवण्याची आपली जुनी सवय आहे. मी तसे लिहिणार नाही. माझी सूचना लहान आहे आणि ती आपल्याच महाविद्यालयात अमलात येऊ शकते. संगणक कक्षात एक जाड वही ठेवावी. तिचे नाव ‘दोषांची वही’. कोणाचेही यंत्र अडले की त्याने यंत्राने दाखवलेला मजकूर जसाच्या तसा देवनागरीत उतरवावा, खाली त्याचा अर्थ सरळ मराठीत लिहावा, कारण काय निघाले आणि काय केल्याने सुटले तेही लिहावे. उपाय फसला असेल तर तोही लिहावा. शनिवारी एक तास ती वही घेऊन बसावे. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी अर्थ लावावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी शब्द शोधावेत, तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कारण आणि योगायोग वेगळे करावेत. हे काम विज्ञानशाखेचे आहे असे कोण म्हणेल? अवघड मजकूर सावकाश वाचणे आणि त्याचा अर्थ दुसऱ्याला सांगणे हेच तर आपण कलाशाखेत शिकतो!

वहीचे पहिले पान मी भरून तयार ठेवले आहे: दुमडलेली केबल, आकडा २१४, खर्च ऐंशी रुपये.

आमच्या घरी आता हिशेब तीन जागी असतो. एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर. आणि तिसरी आईच्या वहीत. तिने ती पुन्हा उघडली आहे. मी चौदा महिन्यांचे आकडे तिला वाचून दाखवले आणि तिने ते आपल्या हाताने लिहून काढले. लिहिता लिहिता मार्च महिन्यातली माझी पन्नास रुपयांची बेरजेची चूकही तिने पकडली. ती संगणकाच्या कुठल्याच रोजनिशीत नव्हती.