शंकेचा फायदा कुणाला?

कोथरूडमध्ये फौजी शोधायला लांब जावं लागत नाही. पौड रोडच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एखादे निवृत्त कर्नल किंवा विंग कमांडर निघतातच. त्याच सोसायटीच्या गेटवर निळ्या शर्टात सातारा-सांगलीकडचा एखादा निवृत्त नाईक किंवा हवालदार बसलेला असतो. नोकरीत दोघांनीही बर्फ पाहिलेला, वाळवंट पाहिलेलं. फरक पडतो तो मोठं दुखणं आल्यावर. वरच्या मजल्यावर कायदा ठाऊक असतो, नाहीतर तो ठाऊक असलेला बॅचमेट तरी असतो. गेटवरच्या माणसाच्या घरी असते ती एक प्लॅस्टिकची फाइल.

आमच्या गेटवरचे काका गेल्या वर्षी अर्धांगवायूने पडले. फाइल आता काकूंकडे आहे. दोन घरच्या पोळ्या आटोपून त्या एका दुपारी ती घेऊन आल्या. "ताई, एवढं इंग्रजी जरा वाचून सांगता का?" निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची पुसट झेरॉक्स होती. आजार : प्रायमरी हायपरटेन्शन. अपंगत्व : ३० टक्के, आजन्म. पुढे दोन प्रश्न. आजार नोकरीमुळे झाला का? नाही. नोकरीमुळे बळावला का? नाही. कारण एका ओळीत : सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर असताना झाली.

मी मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "भरतीच्या वेळी छाती मोजली, दात मोजले, डोळे तपासले. सगळं धड होतं म्हणूनच घेतलं ना? मग बीपी काय ह्यांनी गावाकडून आणलं?"

काकूंना कल्पना नसेल, पण नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात उचलून धरला. १९८५ साली भरती झालेल्या या सैनिकाला फिट्स येऊ लागल्या, म्हणून १९९४ साली घरी पाठवलं आणि 'आजाराचा नोकरीशी संबंध नाही' म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारली. न्यायालयाने सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत जडला असंच धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. आणि शंका असेल, तर तिचा फायदा सैनिकाला. पुढच्याच वर्षी राम अवतार यांच्या निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. म्हणजे ३० टक्के अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरायचं.

हिशेब साधा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. शेवटचा पगार ४० हजार असेल, तर ५० टक्क्यांना महिना सहा हजार, वर महागाई भत्ता. औषधोपचार माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून होतात, पण रात्री कूस बदलायला ठेवलेला माणूस आणि डायपर त्यात बसत नाहीत. काकूंच्या घरात सहा हजार म्हणजे तो रात्रीचा निम्मा माणूस.

मग एवढे स्पष्ट निकाल असताना काकूंना फाइल घेऊन का फिरावं लागतं? कारण निकाल लागतो एकाचा. बाकीच्यांनी आपापला लढायचा. आधी एक अपील, मग दुसरं, मग मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरण. तिथे जिंकलं, तर सरकार वर जातं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे ३०० याचिका एकदम फेटाळल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रण रेषेवरील गस्तीदरम्यान हृदय बंद पडून गेलेल्या सैनिकाच्या पत्नीला कोर्टात खेचल्याबद्दल केंद्राला ५० हजारांचा दंड केला. मृत्यू २०१३ सालचा. बाईंना अकरा वर्षं थांबावं लागलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या मानाने बरंच जास्त आहे, यावर 'कॅग'ने २०२३ मध्ये बोट ठेवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे, कडक नियम आले. कुणी सवलत ओरबाडत असेल, तर त्याला जरूर धरा. पण चाळणी बारीक केली की त्यात अडकतो तो इंग्रजी न येणारा हवालदार. कर्नलसाहेब अपील करतात.

जखम दिसते तेव्हा देशाला कळवळा येतो. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये व्हीलचेअरवरचे जवान पाहून कुणीही हात जोडतो. १९६५च्या युद्धात गोळ्या झेलून १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर आपले अभिमानाचे. रक्तदाब, मधुमेह, मनाचे आजार यांचा फोटो निघत नाही, म्हणून ते 'घरचे' ठरतात. अमेरिकेत २०२२ च्या पॅक्ट कायद्याने परदेशी तळांवर जळत्या कचऱ्याचा विषारी धूर छातीत घेतलेल्या सैनिकांच्या आजारांची यादीच केली. यादीतला आजार झाला, की तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. आपल्याकडे गृहीत तेच, पण ते मिळवायला प्रत्येकाला वकील लागतो. न्यायालयाने मिटवलेला प्रश्न पुन्हा पुन्हा न्यायालयात नेणं सरकारने थांबवावं. त्यासाठी नवा कायदा नको, हात आवरला तरी पुरे.

तोवर घरच्यांनी काय करावं? मेडिकल बोर्डाचे कागद नसतील, तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावेत. पेन्शन नाकारल्याच्या पत्रानंतर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. मुदत टळली तरी दार बंद होत नाही, पण उशीर महाग पडतो : उशिरा गेलेल्यांना थकबाकी अनेकदा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. २००८च्या नियमांत तर निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला, की सिद्ध करण्याचा भार कुटुंबावरच येतो. पोस्टिंगची यादी, कुठे किती दिवस काढले, गोळी कधी सुरू झाली, हे नवरा बोलू शकतोय तोवर वहीत लिहून ठेवावं.

आणि शेवटची विनंती कोथरूडकरांना. या उपनगरात निवृत्त डॉक्टर, वकील, बँकवाले आणि फौजी अधिकारी यांची वाण नाही. १५ ऑगस्टला गेटवरच्या फौजी काकांच्या हस्ते झेंडा फडकवणं चांगलंच आहे. त्या दिवशी एवढं आणखी विचारा : "काका, तुमच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर काय लिहिलंय?" आणि उत्तर आलं नाही, तर चष्मा लावून तो कागद स्वतः वाचा.