श्रोत्याचे तिसरे आठ तास

मुंबईच्या संगीतजीवनाची चर्चा निघाली की ती हटकून गिरगावात जाऊन थांबते. देवधरांचे संगीत विद्यालय, लक्ष्मीबागेतील बैठका, गणेशोत्सवात रस्त्यावर सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत ऐकलेल्या मैफली यांच्या आठवणी निघतात. या आठवणी खऱ्या आहेत आणि मोलाच्याही आहेत. परंतु त्याच शहरात, तेथून काही मैलांवर, लालबाग-परळच्या भोंग्यांच्या टापूत श्रोत्यांचा आणखी एक समाज गेली शंभर वर्षे नांदत आला आहे. संगीताच्या इतिहासग्रंथांनी त्याची फारच थोडी दखल घेतली. त्याहून खेदाची गोष्ट ही की, ज्या चळवळीने या श्रोत्याच्या पगारासाठी, भत्त्यासाठी आणि बोनससाठी लाठ्या खाल्ल्या, तिलाही तो श्रोता म्हणून कधी फारसा दिसला नाही.

हा श्रोता डबलबारीचा आणि शक्तीतुऱ्याचा. डबलबारी ही सिंधुदुर्गाकडच्या चाकरमान्याने मुंबईत जोपासलेली भजनाची जुगलबंदी. दोन बुवा, दोन मंडळे, पेटी, पखवाज आणि झांजा. एकाने आपली बारी गायची, मग दुसऱ्याने. रूपाचा अभंग, अभंग, गवळण अशी पायरी चढत बारी गजरावर येते, तेव्हा लय इतकी वाढलेली असते की सभागृहात कोणाचाही हात मांडीवर स्थिर राहत नाही. शक्तीतुरा रत्नागिरी-रायगडाकडचा. आदिशक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, या जुन्या वादाच्या आधाराने दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. घुंगरू बांधलेले गडी ढोलकीवाल्याभोवती फेर धरतात. एकाने पुराणातला पेच टाकायचा आणि दुसऱ्याने तो गाण्यातच सोडवायचा. या नाचाचे मूळ नाव जाखडी. मुंबईच्या पांढरपेशा घरांत कोकणी घरगड्याला 'बाल्या' म्हणत, त्यामुळे या शहरात त्याला 'बाल्या नाच' हे नाव चिकटले. कलेला तिच्या गायकाच्या नोकरीवरून हिणवण्याचा हा प्रकार सुसंस्कृत मुंबईला कधी खटकल्याचे दिसत नाही.

येथील श्रोता गाणे नुसते ऐकत नाही. तो एका बुवाचा असतो. आपल्या बुवाने गेल्या वर्षी कोणती चाल कोणत्या रागावर बांधली होती, समोरच्याने तिला काय उत्तर दिले, पखवाजवाला कोठे समेवर चुकला, हे त्याला मुखोद्गत असते. शाहिराने प्रश्नाचे उत्तर टाळून नुसता आवाज चढवला तर मागच्या रांगेतून तत्काळ हटकणी येते. अनेकदा निकाल लावायला पंचही नसतो. सभागृहाच्या दाराबाहेर चहाच्या गाडीजवळ जो वाद होतो, तोच निकाल. ज्या माणसाला कारखान्यात दिवसभर कोणी मत विचारत नाही, त्याच्या मताला येथे किंमत आहे. दाद देणारा आणि दाद नाकारणारा असा हा जाणकार वर्ग कोणत्याही शाळेने घडवलेला नाही. तो प्रत्यक्ष गाण्यासमोर बसून घडला, आणि समोर बसण्याची जागा गेली तर पुढच्या पिढीत तो घडणारही नाही.

येथे पुरोगामी वाचकाच्या मनात शंका उभी राहील. हे सारे पुराणातलेच ना? देवदेवतांच्या श्रेष्ठत्वाच्या वादात कामगाराची रात्र घालवण्यात प्रबोधन ते कोणते? शिवाय शक्तीतुऱ्यात अलीकडे परस्परांची उणीदुणी काढण्याचा आणि सवंग चावटपणाचा भरणा वाढला, ही तक्रार तर जुन्या रसिकांचीही आहे. शंका रास्त आहे आणि डबलबारीला क्रांतिकारक ठरवण्याचा आटापिटा कोणी करू नये. पण हाच निकष नाट्यसंगीताला किंवा ख्यालाच्या बंदिशींना कोणी लावत नाही. तेथे आशयाच्या आड सूर शोधण्याची मुभा असते. कामगाराच्या गाण्याकडून मात्र प्रत्येक ओळीत उद्बोधनाची अपेक्षा केली जाते.

या अपेक्षेचे मूळ चळवळीच्याच सवयीत आहे. लाल बावटा कलापथकाने, म्हणजे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या त्रयीने गिरणगाव गाजवला. त्यांच्या मागून आलेल्या कार्यकर्त्यांनी त्यातून एकच धडा घेतला: गाणे लावले की माणसे जमतात. तेव्हापासून शाहीर हा सभेच्या आधीचा अर्धा तास झाला. वक्ते आले की डफ खाली ठेवायचा, हा संकेत ठरला. वास्तविक अण्णाभाऊंची 'माझी मैना' कामगारांनी डोक्यावर घेतली ती केवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी नव्हे. गावी राहिलेल्या बायकोची आठवण त्या गाण्यात होती, आणि दहा-बारा जणांच्या खोलीत अंथरुणापुरती जागा भाड्याने घेऊन राहणाऱ्या एकट्या पुरुषाचे ते स्वतःचे दुःख होते. अण्णाभाऊंना श्रोता कळला होता. त्यांच्या वारसदारांना गर्दी तेवढी कळली.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही घोषणा प्रत्येक मे दिनाला होते. पहिल्या आठ तासांवर ढीगभर ठराव झाले. तिसऱ्या आठ तासांत कामगाराने काय करावे, कोठे बसावे, याचा विचार किती संघटनांनी केला? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी नुसती झोपण्यासाठी मागितलेली नव्हती.

परळचे दामोदर नाट्यगृह हे या तिसऱ्या आठ तासांसाठी बांधलेल्या मोजक्या वास्तूंपैकी एक. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने ते १९२२ मध्ये उभारले. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा मार्ग मोकळा केला, ती सभाही दामोदर हॉलमध्येच भरली होती. पुढे येथे कामगार रंगभूमी वाढली, नमन झाले, शक्तीतुरे रंगले, डबलबाऱ्या झाल्या. कोकणातल्या गावागावांची ग्रामस्थ मंडळे येथे प्रयोग लावत आणि तिकिटांतून उरलेला पैसा गावाकडे पाठवत. कोणाच्या शाळेचे छप्पर, कोणाची विहीर, कोणाचे सभामंडप अशा तिकिटांवर उभे राहिले. तिकीट विकत घेणारा गाण्याचा षौकीनही होता आणि गावाचा वर्गणीदारही.

या प्रयोगांना रात्र का लागे, हेही समजून घेतले पाहिजे. गिरणीची दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. त्या पाळीच्या कामगारासाठी गाणे सुरू होणार ते त्यानंतरच. एकदा शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत घरी जाण्याचा प्रश्नच नसे. रात्रभराची बारी ही चैन नव्हती; पाळीचे आणि रेल्वेचे वेळापत्रक जसे होते, तसेच गाण्याचे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने आणि त्यानंतर गिरण्यांना लागलेल्या टाळ्यांनी हा श्रोता विखुरला. तो नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूरकडे गेला. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा, अशी तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरवला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. शहराच्या हाती यायची जमीन चिमूटभर झाली. त्यावर मॉल उभे राहिले, कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले.

गंमत अशी की त्याच जमिनीवर संगीतही परत आले. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' नावाचा क्लब निघाला आणि २०१६ पर्यंत तेथे देशोदेशींचे वादक वाजवून गेले. त्या श्रोत्यांना हसण्याचे कारण नाही. गिटारवादकाच्या मागे शहरभर हिंडणारा तरुण आणि बुवाच्या मागे हिंडणारा चाकरमानी, दोघांचे वेड एकाच जातीचे. त्या तरुणावरही अन्याय झालाच आहे. धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह त्याचे हक्काचे ठिकाण होते. १९७८ मध्ये तेथे जॅझ यात्रा सुरू झाली, १९८६ पासून रॉक संगीताचे महोत्सव रंगले आणि खिशात थोडे पैसे असणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यालाही तेथे जागा होती. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी शाळा, रुग्णालये व न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि २००३ च्या सुमारास रंगभवन मुके झाले. त्यानंतर तो तरुण क्लबात गेला, म्हणजे ज्याला तेथले दर परवडत होते तो गेला. उरलेल्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

नियमांना मात्र दोष देऊन चालणार नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा २००० सालचा नियम आवश्यकच होता. मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींचा त्रास मलबार हिलला होत नाही. तो चाळीतल्या आजाऱ्याला आणि परीक्षेच्या विद्यार्थ्याला होतो. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, त्यापलीकडे कोणी काही मागूही नये. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या जागत्या रात्री या नियमाने संपल्या, तेव्हा मध्यरात्रीचे राग आता ऐकायचे कधी, अशी हळहळ रसिकांनी व्यक्त केली. तीही योग्यच होती. चौकातली डबलबारी संपली तेव्हा मात्र अशी हळहळ छापून आली नाही, एवढाच फरक.

परंतु त्याच नियमात एक वाट मोकळी ठेवलेली आहे. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहील अशा बेताने, रात्रीही गाता येते. याचा अर्थ, ज्या दिवशी चौक आणि मैदान रात्रीसाठी बंद झाले, त्या दिवशी प्रत्येक सभागृहाची किंमत दुप्पट झाली. राज्यकर्त्यांनी हे ओळखून वॉर्डावॉर्डात साधी, आवाजबंद सभागृहे बांधायला हवी होती. घडले उलटे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून दामोदरचाच पडदा पुनर्बांधणीसाठी खाली आला. नव्या इमारतीत नाट्यगृहाला किती आणि कोठे जागा मिळणार, यावरून २०२४ मध्ये रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. त्या आंदोलनाला कामगार संघटनांची फौज पाठीशी उभी राहायला हवी होती. नाट्यगृह हा नटांचा प्रश्न, असे मानून बहुतेक जण स्वस्थ बसले.

उपनगरांत मोठी नाट्यगृहे झाली आहेत, मग परळचा हट्ट का, असेही विचारले जाते. उत्तर नकाशात आहे. विरारचा आणि बदलापूरचा माणूस एकाच ठिकाणी यायचा तर पश्चिम आणि मध्य रेल्वे जेथे जवळ येतात तेथेच येणार. विखुरलेल्या गावाला एका रात्रीपुरते एकत्र आणणारी जागा दादर-परळच्या टापूतच असू शकते. वातानुकूलित नाट्यगृहाचे भाडे, अनामत, ध्वनियंत्रणेचा खर्च हे सारे ग्रामस्थ मंडळाच्या आवाक्याबाहेर गेले की मंडळ कोणा नगरसेवकाच्या किंवा बिल्डरच्या दारी जाते. मग बुवाच्या डोक्यावर त्याचा फलक लागतो आणि पहिला गजर त्याच्या सत्कारानंतर होतो. गाणे विकले जाते ते येथे.

आणखी एक बाब पुरुष कार्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाही. पूर्वीचा श्रोतृवर्ग जवळजवळ सगळा पुरुषांचा होता, कारण बायका गावी होत्या. आज त्यांच्या लेकी-सुना याच शहरात नोकऱ्या करतात, भजनी मंडळे चालवतात, महिला बुवांच्या बाऱ्याही होतात. सभागृहात स्वच्छ स्वच्छतागृहे किती आहेत आणि कार्यक्रम सुटल्यावर स्थानकापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे की नाही, यावर त्यांचे येणे ठरते. हा संगीताचा प्रश्न नाही, असे म्हणणाऱ्याने तिकीटविक्री करून पाहावी.

तेव्हा परळ-लालबागच्या कार्यकर्त्यांना हाती घेण्याजोगे काम सरळ आहे. दामोदरच्या जागी जे उभे राहील त्यात प्रेक्षागृहाच्या आसनांची संख्या पूर्वीपेक्षा कमी नसावी, आवाज बाहेर न जाण्याची व्यवस्था असावी, महिन्यातील ठरावीक रात्री ग्रामस्थ आणि कामगार मंडळांना सवलतीच्या भाड्याने राखून ठेवाव्यात, आणि हे सारे तोंडी आश्वासनात न राहता लेखी करारात यावे. महापालिकेच्या ताब्यात आलेल्या गिरणीच्या जमिनीपैकी किती जागेवर सांस्कृतिक वापराचे आरक्षण आहे, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवता येते. ग्रामस्थ मंडळांच्या याद्या तालुकावार उपलब्ध आहेत. ज्या मंडळांनी गावच्या विहिरीसाठी तिकिटे खपवली, ती मंडळे स्वतःच्या सभागृहासाठी सह्या देणार नाहीत, असे मानण्याचे कारण दिसत नाही. त्यांच्याकडे कोणी गेले मात्र पाहिजे, आणि तेही बारी चालू असताना भाषण करायला नव्हे.