बेकायदा निष्कासनाचा दिलासा

जॉन ग्रिशॅमच्या ‘द स्ट्रीट लॉयर’ (1998) या कादंबरीला सामाजिक न्यायाची कादंबरी म्हणणाऱ्या समीक्षकांनी तिच्या कथानकाची कळ तपासलेली दिसत नाही. ज्या फाइलमुळे नायक वकील पेटून उठतो, तिच्यात दडलेले सत्य एवढेच, की हुसकावलेली माणसे भाडे भरणारी होती. म्हणजे निष्कासन बेकायदा होते. ते कायदेशीर असते तर सद्सद्विवेकाने काय केले असते?

मुंबईच्या पदपथवासीयांचा खटला यासंदर्भात पाहावा. 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला, आणि त्याच निकालात मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 314 वैध ठरवून 31 ऑक्टोबरनंतर पदपथांवरील निवारे हटवण्याची वाट मोकळी केली. येथे चोरलेली फाइल नाही, खलनायक नाही. अन्याय रीतसर आहे. रहस्यकथेच्या घाटात तो मावत नाही. (खटलाही ओळखला जातो तो पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने, पदपथवासी अर्जदार ‘इतर’ झाले.)

निकालपत्रातला एक अर्जदार सेलमचा भूमिहीन मजूर आहे, दुष्काळाने काम गेल्यावर 1961 मध्ये मुंबईस आलेला. म्हणजे बेघरपणाची कथा पदपथावर सुरूच होत नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने शेतकी कार्यक्रमात खंड आणि कर्ज यांना हात घातला होता. निदान खानदेशातल्या अभ्यासकाला तरी ही साखळी अनोळखी नसावी. वकिलाचा मनस्ताप केंद्रस्थानी आणणारी कादंबरी ती मधूनच तोडते, आणि आपली समीक्षा या तोडण्याला ‘मानवतावाद’ म्हणून गुण देते.