वाचलेली मिनिटे कोणाची?

संगणक सर्वांचे कष्ट हलके करण्यास अवतरला, असा प्रचार भांडवलदार नेहमीच करीत आले. इतिहास निराळे सांगतो. १९५१ साली लंडनच्या लायन्स या चहा-बेकरी कंपनीने सुमारे ६,००० व्हॉल्व्हचा ‘लिओ’ संगणक व्यापारी हिशेबाला जुंपला; नित्याच्या कारभारात राबवलेला हा जगातील पहिला संगणक. एका कामगाराचा पगार काढण्यास कारकुनाला ८ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरू लागला. पण वाचलेली मिनिटे कारकुनाच्या वाट्याला आली काय? ती मालकाच्या खात्यात जमा झाली.

साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हा त्यांना प्रगतीचे शत्रू ठरवण्यात आले. वस्तुतः त्यांचा प्रश्न रास्त होता : यंत्राचा लाभ कोणाला?

तोच प्रश्न आज कळवणच्या कांदा उत्पादकाने विचारला पाहिजे. वजन आणि भाव यंत्र क्षणात नोंदवू शकते, तर हिशेबपट्टीबरोबरच रोख रक्कमही त्याच दिवशी हाती का पडू नये? वेग व्यापाऱ्याला आणि प्रतीक्षा शेतकऱ्याला, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. कार्यकर्त्यांनी ही मागणी लिलावाच्या ओट्यावर उभे राहून मांडावी. यंत्र हवे, त्याच्या लाभावर श्रमिकांचा हक्कही हवा!