विठोबाला झापणारी आजी

‘देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.’ कुणी असं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. सगळं ठीक होतंच असं कुठाय?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि भिवंडीतले यंत्रमाग बंद पडले. एरवी रात्रंदिवस खडखड ऐकायची सवय. त्या शांततेत झोप लागायची नाही. बाबा माग चालवतात. जेवढं कापड निघेल तेवढे पैसे. कापडच नाही तर काय? टेमघरच्या आमच्या खोलीत बाबा भिंतीला टेकून गप्प बसून असायचे.

गप्प नव्हती ती आजी. सकाळी दिवा लावायची आणि विठोबाला चक्क झापायची. “कमरेवर हात ठेवून बघतोस काय नुसता? माझ्या लेकाच्या हाताला काम दे.” मला हसू यायचं, लाजही वाटायची. त्या आषाढीला पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ती बस बघून आजी रडली. बाकी दिवस भांडण चालूच.

पुढे एफवायला तुकोबा नीट वाचले तेव्हा ट्यूब पेटली. १६३० च्या दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. यातलं काहीच परत मिळालं नाही. त्यानंतर या माणसाने काय केलं, तर देहूचं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. आणि अभंगांत त्याच विठ्ठलाशी कडाकडा भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते बोलले.

मला वाटतं, श्रद्धा म्हणतात ती हीच. रिकाम्या खोलीशी कोण भांडतं? समोर कुणीतरी आहे, ऐकतंय, उठून जाणार नाही, एवढी खात्री असली तरच आवाज चढतो. माझा एक नास्तिक मित्र म्हणतो, आजी स्वतःचंच मन मोकळं करते. असेल. पण त्या तीन महिन्यांत घरात खचली नाही ती एकटी तीच, हे मी पाहिलंय.

माग हळूहळू सुरू झाले. किराण्याची उधारी फिटायला मात्र दोन वर्षं लागली.

परवा मला केटी लागली. आजी देव्हाऱ्यासमोरच होती. “याचं जरा बघ रे बाबा,” विठोबाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली, “आणि तू पुस्तक बघ.”