मस्तानीचे चित्र

कॅलेंडरांवर, कादंबऱ्यांच्या वेष्टनांवर आणि २०१५ च्या चित्रपटानंतर तर जिकडेतिकडे जी मस्तानी दिसते, तिच्यावर माझा विश्वास नाही. पानाचा रस गळ्यातून उतरताना दिसे म्हणे! चितारणाऱ्यांनी तेवढा गोरा गळा उचलला. बाजीराव मोहिमेवर असताना पुण्यात कैदेत पडलेली, १७४० मध्ये त्याच्यामागोमाग गेलेली, पानिपतच्या जखमांनी मेलेल्या समशेरबहादुराची आई कुणाच्या कुंचल्यात मावली नाही.

विलायतेतही हेच. दुसऱ्या चार्ल्स राजाची प्रेयसी नेल ग्विन ही लंडनच्या रंगभूमीवरची गाजलेली विनोदी नटी. पण लेलीच्या चित्रशाळेतून आलेल्या चित्रांत सुस्त पापण्या, रेशीम आणि उघडे खांदे. प्रेक्षकांना हसवणारी नटी कुठे आहे? भलत्याच बायकांची चित्रेही तिच्या नावावर खपली, ती निराळीच.

बाजीराव गेला ते रावेरखेडी आपल्या सातपुड्यापलीकडेच, नर्मदाकाठी. जुनी दप्तरे सांभाळणारे राजवाडे संशोधन मंडळ तर धुळ्यातच, जळगावहून एका एस.टी.च्या अंतरावर. आपल्या वर्गाने मस्तानीचे पोस्टर पाहिले. मोडीतला एक तरी कागद कुणी पाहिला आहे काय? इतिहासाच्या सरांनी यंदाची सहल वेरूळऐवजी तिकडे न्यावी.