एका अक्षराचा फरक

आपल्या पेशीच्या केंद्रकाला दुहेरी पडदा असतो. आत ४६ गुणसूत्रे: २३ अम्मीकडून, २३ अब्बांकडून. प्रथिने बनवण्याच्या सूचना पडद्याच्या छिद्रांतून बाहेर जातात. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या सूचनेत एक अक्षर बदललेले असू शकते. ही बदललेली सूचना एकाकडूनच आली तर मूल वाहक, सहसा ठणठणीत. दोघांकडूनही आली तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच विदर्भात आढळणारा सिकलसेल. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

कळंबमध्ये रिश्ता जुळवताना आपण घर, शिक्षण, रोजगार विचारतो. निकाहाआधी दोघांची सिकलसेल तपासणीही करा. नात्यातला रिश्ता असेल तर जरूरच. सरकारी दवाखान्यात विचारा.